हेडीच्या बाप्तिस्म्याची बिअर

हेडी रांगायला लागल्यापासून माझ्या खिशात पुठ्ठ्याची एक नळी असते, टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती. बाळाच्या डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "जी वस्तू या नळीतून आरपार जाते, ती बाळाच्या घशात अडकू शकते." त्या बोलता बोलता म्हणाल्या, मी वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून जमिनीवर जे काही सापडेल ते मी नळीत टाकून बघते. आरपार गेलं की त्याची रवानगी फ्रिजवरच्या बरणीत.

बरणी काकडीच्या लोणच्याची, चांगली दोन लिटरची. फेब्रुवारीपर्यंत ती अर्धी भरली होती. कोटाची बटणं, पेनांची टोपणं, वाळके वाटाणे, पांढऱ्या प्लास्टिकची चकती, कापडी गाईचा डावा डोळा (गाय तेव्हापासून काणी आहे) आणि कुठल्यातरी खुर्चीचा एक स्क्रू. कुठल्या खुर्चीचा ते कळलेलं नाही, म्हणून आम्ही चारही खुर्च्यांवर बेताबेतानं बसतो.

"ब्रेना, हे घर आहे की पोलिसांची मुद्देमालाची खोली?" कुर्ट विचारतो.

कुर्ट माझा नवरा. शाळेत भूगोल शिकवतो आणि तळघरात बिअर करतो. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात पुरुष तळघरात एकतर बिअर करतात, नाहीतर खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ मांडतात. मी लग्नाआधीच विचारून घेतलं होतं. आगगाड्यांचा आवाज मला सहन होत नाही.

आवाज गॅसचाही असतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या तळघरात एक जुना पेटीसारखा फ्रीझर आहे. त्यात बिअरची दोन स्टीलची पिंपं असतात, आणि फ्रीझरच्या बाजूला भिंतीला साखळीनं बांधलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर, माझ्या गुडघ्याएवढा. सिलेंडरच्या डोक्यावर रेग्युलेटर, रेग्युलेटरमधून नळी पिंपात. गॅस बिअरमध्ये मुरतो, त्यानं फेस येतो, आणि तोच गॅस बिअर तोटीपर्यंत ढकलत आणतो. इतकं सोपं आहे, असं कुर्ट म्हणतो. ज्या गोष्टीला तो सोपं म्हणतो, तिच्याजवळ मी हेडीला नेत नाही.

यंदाची बिअर साधी नव्हती. हेडीच्या बाप्तिस्म्याची होती.

कुर्टच्या घरात, म्हणजे झास्ट्रोंच्या घरात, एक रीत आहे. बाप्तिस्मा झाला की घरी येऊन बाळाच्या आजोबांनी पहिला ग्लास एका दमात रिकामा करायचा आणि सगळ्यांसमोर उलटा धरायचा. थेंब गळला नाही तर बाळ शांत निघतं. पूर्वी हा ग्लास घरच्याच बिअरचा असे. कुर्टच्या बाप्तिस्म्याला मात्र तो डब्यातल्या बिअरचा होता, कारण त्याच्या बाबांना घरी बिअर करणं म्हणजे वेळ जात नसल्याचं लक्षण वाटतं. "गाय दूध देते आणि कारखाना बिअर देतो," असं गॉर्डींचं म्हणणं. गॉर्डी म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या नळांची कामं केली. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला जगातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत, पण पाना हातात उलटा येतो, हे दुःख ते शुक्रवारी मासे खाताना, रविवारी चर्चनंतर आणि मधल्या वारी फोनवर बोलून दाखवतात. त्याला हाक मारतात "मास्तर".

कुर्टला एकच गोष्ट हवी होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाबांच्या हातातला तो ग्लास आपल्या पिंपातून भरलेला असावा. गॉर्डींचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून आम्ही बाप्तिस्मा पुढे ढकलला होता. हेडी नऊ महिन्यांची झाली. बिअर जानेवारीतच घातली, आणि त्याच आठवड्यात कुर्टचा वाढदिवस आला. जुन्या रेग्युलेटरच्या तबकडीची काच तडकलेली मी रोज बघत होते. तडकलेली काच बघून मला झोप लागत नाही. म्हणून मीच त्याला नवा रेग्युलेटर दिला. सुरक्षित असावा म्हणून. हे लक्षात ठेवा.

पहिला सिलेंडर चार दिवसांत संपत आला. एरवी तो पाच महिने पुरतो.

"बिअरनं पिऊन टाकला असेल," कुर्ट म्हणाला.

"कुर्ट, गॅस संपत नाही. तो कुठेतरी जातो."

"हवेत गेला."

"आपण कुठे राहतो? हवेतच ना?"

तो हेडीचा शाम्पू पाण्यात कालवून, ब्रश घेऊन खाली गेला. सगळ्या जोडांवर त्यानं फेस लावला. पिंपांची झाकणं ठीक, नळ्या ठीक. रेग्युलेटर सिलेंडरला जिथे बसतो त्या मोठ्या नटापाशी मात्र बारीक बारीक बुडबुडे येत होते, शहाण्या बाळाच्या ओठांवर येतात तसे. कुर्टनं नट आवळला. बुडबुडे आले. त्यानं लांब दांड्याचा पाना आणून आवळला. तरी आले. मग त्यानं नळकामाची पांढरी टेप आणली आणि आट्यांवर गुंडाळायला लागला.

"बाबा गळतीला टेपच लावतात," तो म्हणाला.

"मग बाबांनाच विचार ना."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला चर्चमध्ये कपडे काढायला सांगितलंय. "बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये."

टेपनं बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत. कमी म्हणजे थांबल्यासारखेच, असं ठरवून तो दुसरा सिलेंडर आणायला निघाला. मी आणि हेडी सोबत गेलो, कारण भरलेला सिलेंडर गाडीत आडवा ठेवू नये असं मी वाचलं होतं आणि कुर्ट तो आडवाच ठेवतो हे मला ठाऊक होतं.

गॅसच्या दुकानात वॉन्डा असते. वेल्डिंगवाल्यांना आणि बिअरवाल्यांना तीच गॅस देते, आणि दोघांशी सारख्याच तुच्छतेनं बोलते.

"आठ दिवसांत परत? काय मास्तर, अख्खी शाळा पाजतोस की काय?" तिनं भरलेला सिलेंडर काउंटरवर आदळला. "वॉशर देऊ?"

"नको. माझ्या रेग्युलेटरला आतच बसवलेला आहे."

"बघितलायस?"

"वॉन्डा, सात वर्षं झाली मला हे करून."

"माझ्या नवऱ्याला लग्न करून तीस झाली," वॉन्डा म्हणाली, "त्यालाही वाटतं त्याला कळतं."

दुसरा सिलेंडर सहा दिवस टिकला. टेपचे थर चढत गेले. सिलेंडरची मान आता अपघातानंतर मानेला पट्टा लावलेल्या माणसासारखी दिसत होती.

त्या सहा दिवसांत मी काय वाचलं ते सांगत नाही, पण एवढं सांगते की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो. आणि आमच्या घरात सगळ्यात खाली कोण असतं? जी रांगते ती. कुर्टनं मला कागदावर गणित करून दाखवलं की तळघर मोठं आहे, सिलेंडर छोटा आहे आणि हेडी वरच्या मजल्यावर आहे. गणित बरोबर होतं. मी स्वतः कॉलेजात रसायनशास्त्र घेतलेलं. पण गणित बरोबर आहे हे कळणं आणि छाती हलकी होणं यांच्यात एक जिना आहे, आणि मी तो दिवसातून वीस वेळा चढत-उतरत होते.

मी हवेतला गॅस मोजायचं मीटर मागवलं. हजाराच्या आत आकडा असला की ठीक, असं त्यावर लिहिलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर आकडा सातशे होता. पण ओट्यावर हेडी थोडीच रांगते? मी मीटर जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी पालथी पडून बघत राहिले. नऊशे. अकराशे. मी आणखी जवळ सरकले. सोळाशे. दोन हजार शंभर!

"कुर्ट! हेडीला उचल! दारं उघड!"

कुर्ट धावत आला, हेडीला काखेत घेतलं, पुढचं-मागचं दार उघडलं. बाहेर तळं गोठलेलं, वारा सुऱ्यासारखा. हेडी वाऱ्याकडे बघून खदखदा हसायला लागली. मग कुर्टनं खाली माझ्याकडे पाहिलं.

"ब्रेना."

"काय?"

"तू त्याच्यावर श्वास सोडतेयस."

मी उठून बसले. मीटर हळूहळू उतरलं. फ्रिजवरचं कॅलेंडर वाऱ्यानं एप्रिलपर्यंत उलटलं.

पण त्याच दिवशी मी अट घातली. तिसरा सिलेंडर गळला तर फ्रीझर, पिंपं, सिलेंडर सगळं कुर्टच्या मित्राच्या गॅरेजमध्ये जाईल, कायमचं, आणि बाप्तिस्म्याला डब्यातली बिअर येईल.

"आणि बाबांचा ग्लास?"

"डब्यातून भरेल. तुझ्या वेळी भरला होता. तू काही वाईट निघालेला नाहीस."

त्यानं मान हलवली. शिक्षक आहे तो. अट कळली की पाळतो.

तिसरा सिलेंडर बुधवारी आला. वॉन्डानं पुन्हा वॉशर विचारला, कुर्टनं पुन्हा नको म्हटलं. वॉन्डानं माझ्याकडे बघून फक्त भुवया वर केल्या. मला वॉशर म्हणजे नक्की काय, कसा दिसतो, हे तेव्हा माहीत असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे गावातल्या क्लबात मासे खायला गेलो. तळलेला मासा, बटाट्याची थालिपिठासारखी पोळी, कोबीची कोशिंबीर. गॉर्डी समोर बसले होते, काठी खुर्चीला टेकवलेली. हेडी त्यांच्या मांडीवर, राईच्या पावाचा कडक काठ चोखत. तो काठ नळीतून जात नाही, मी बघितलं होतं.

"मग मास्तर? बिअर तयार?"

"तयार."

"फेस धरतेय?"

"धरतेय की."

"गॅस ठीक?"

टेबलाखालून कुर्टचा बूट माझ्या नडगीवर बसला. मी काही बोलणारच नव्हते. तो बूट फुकट गेला, नडगी मात्र काळीनिळी झाली.

"ठीकच आहे," कुर्ट म्हणाला.

गॉर्डींनी मुलाकडे असं पाहिलं, जसं ते ओल आलेल्या भिंतीकडे बघतात. मग उठून हात धुवायला गेले आणि पंधरा मिनिटांनी आले, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"तिथला नळ ठिबकत होता," ते म्हणाले. "कुण्या गाढवानं आवळून आवळून पिळून काढलाय. अरे, पितळेवर पितळ किती आवळलं तरी बसत नाही! मधे काहीतरी मऊ लागतं. मास्तर, ऐकतोयस?"

"ऐकतोय, बाबा."

"तुझी आई हेच म्हणायची. नळाबद्दल नाही."

मग दोघंही आपापल्या ताटात बघायला लागले. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून हे दोघं एकत्र बसले की कुठेतरी बारीक सूं सूं चालूच असतं.

शनिवारी दुपारी मी बाप्तिस्म्याचा झगा इस्त्री करायला काढला. गॉर्डींच्या आजीपासून चालत आलेला, पाठीला मोत्याची पाच बटणं. मोजली तर चार. क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे पाचवं बटण कुठे असेल ते आलंच, पण मग आठवलं की झगा आला त्या दिवशी मी काहीतरी बरणीत टाकलं होतं. हेडीला तिच्या उंच खुर्चीत पट्ट्यानं बांधून, खुर्ची टेबलापासून लांब नेऊन, मी बरणी टेबलावर उपडी केली.

बटण सापडलं. त्याच्या शेजारी ती पांढरी चकती होती.

ती मी कधी उचलली होती ते मला चित्रासारखं आठवलं. कुर्टचा वाढदिवस. तो जमिनीवर बसून नव्या रेग्युलेटरचं खोकं उघडतोय, प्लास्टिकच्या पिशव्या फाडतोय, हेडी त्यात लोळतेय. आणि हेडीच्या हिरड्यांमध्ये काहीतरी पांढरं. मी बोट घालून ते ओढून काढलं होतं, नळीतून टाकून बघितलं होतं, आणि अर्धा तास हेडीला छातीशी धरून बसले होते. कुर्ट तेव्हा खाली पाना शोधत होता.

घरातल्या सगळ्या वस्तूंची माहितीपत्रकं मी एका खणात जपून ठेवते. वाचतेही. पण फक्त पहिलं पान, जिथे धोक्याच्या सूचना असतात. रेग्युलेटरचं पत्रक काढलं, सहावं पान उघडलं. चित्र होतं. सिलेंडरची पितळी मान, रेग्युलेटरचं पितळी टोक, आणि मधे बाण काढून दाखवलेली एक पांढरी चकती. खाली लिहिलेलं: सोबत दिलेला वॉशर बसवल्याशिवाय जोडू नये.

मी खुर्चीत बसले. स्क्रू नसलेली तीच का, ते पाहिलं नाही.

तीन सिलेंडर. दोन हजार शंभर. उघडी दारं. नडगी. सगळं या चकतीपायी, आणि ती इतके दिवस माझ्या डोक्यापेक्षा एक हात उंच, फ्रिजवर बसलेली.

आता कुणी म्हणेल, मी ताबडतोब जिन्याशी जाऊन ओरडायला हवं होतं. मी नाही ओरडले. मी चकती खिशात टाकली आणि झग्याला बटण शिवायला घेतलं. कारण खरं सांगायचं तर मी गप्प बसले की झालं. संध्याकाळपर्यंत सिलेंडर घराबाहेर, कायमचा, आणि तोही माझ्या हट्टानं नाही, ठरलेल्या अटीनं. हेडीला निजवून मी न उतरता, न मोजता झोपेन. सुईत दोरा चौथ्या खेपेला ओवला गेला.

बटण दोनदा उसवून पुन्हा शिवलं, चार वाजत आले, तेव्हा कुर्ट वर आला. दोन्ही हातांना टेपचे तुकडे चिकटलेले.

"काटा खाली आला," तो म्हणाला. "शेवटपर्यंत जागचा हलत नाही आणि मग एकदम बसतो, तसा. गेला हाही."

मी आणखी एक टाका घातला.

"तू बरोबर होतीस. लहान मूल घरात असताना मी असलं काही करायला नको होतं. मी मित्राला फोन करतो, तो संध्याकाळी गाडी घेऊन येईल." मग झग्याकडे बघून म्हणाला, "बाबांना मीच सांगेन. ते 'मास्तर' म्हणतील आणि हसतील. चालतंय. सवय आहे."

भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसापासून गोष्ट लपवता येते.

तो फोन शोधायला गेला. मी ठरवलं की सांगायचं नाही, पण त्याला सापडू द्यायचं. चकती तळघरात फ्रीझरजवळ जमिनीवर टाकायची. तो आवराआवर करायला जाईल, बघेल, ओळखेल. माझ्यावर काही येणार नाही. हेडीला कडेवर घेऊन मी खाली उतरले, चकती फरशीवर ठेवली, आणि दोन पायऱ्या चढून आले.

मग परत उतरले आणि ती उचलली. जमिनीवर! नळीतून जाणारी वस्तू, मी, माझ्या हातानं! मी ती फ्रीझरवर ठेवली. तिथून घरंगळेल. कपाटावर ठेवली. तिथे त्याला दिसणार नाही. हेडी माझ्या कडेवरून हे सगळं बघत होती आणि दर वेळी चकतीकडे हात करत होती. तिला ती बरोबर आठवत होती.

"पोरी, काय शोधतेयस?"

गॉर्डी. जिन्याच्या वरच्या पायरीवर, काठी आणि घडीचं टेबल घेऊन. उद्याच्या पाहुण्यांसाठी टेबल आणायला मीच सांगितलं होतं. चार वाजले होते, आणि गॉर्डी चार म्हणजे चारला येतात. मी चकती मुठीत धरली. त्यांनी टेबल वरच टेकवलं आणि एकेक पायरी उतरत खाली आले. मागोमाग कुर्ट धावत आला, कानाला फोन, आणि बाबांना बघून त्यानं फोन बंद केला.

गॉर्डी सिलेंडरपाशी थांबले. त्याच्या मानेभोवतीचे टेपचे थर त्यांनी बराच वेळ न्याहाळले.

"याला काय झालंय? गालगुंड?"

"थोडंसं गळतंय, बाबा."

"थोडंसं? मास्तर, एवढ्या टेपमध्ये तर अख्ख्या शाळेचे नळ होतात. टेप इथे कामाची नाही रे, इथे आटे गॅस धरतच नाहीत! वॉशर कुठे आहे?"

"आतच बसवलेला आहे."

"उघड."

कुर्टनं व्हॉल्व्ह बंद केला, पाना घेतला. उलटा घेतला, मग सुलट केला. नट फिरला, टेप फाटत गेली, रेग्युलेटर हातात आला. गॉर्डींनी खिशातला छोटा टॉर्च काढून आत बघितलं. मग टॉर्च कुर्टच्या हातात दिला. कुर्टनं बघितलं. आत पितळ होतं, फक्त पितळ. जुन्या रेग्युलेटरला आत वॉशर होता. या नव्याला नव्हता.

कुर्टचे कान लाल झाले. गॉर्डींनी तोंड उघडलं. त्यांच्या जिभेवर काय आलं होतं ते मला दिसत होतं. ते वाक्य ते पुढची वीस वर्षं शुक्रवारी मासे खाताना म्हणणार होते. हेडीच्या लग्नातही म्हटलं असतं.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

दोघंही वळले. मी मूठ उघडली.

"खोक्यातनं पडला होता. हेडीच्या तोंडात होता. मी काढून बरणीत टाकला. त्यानं लावला नाही, कारण त्याला तो मिळालाच नाही. चूक त्याची नाही, गॉर्डी. माझी आहे."



"तुला कधी कळलं?" कुर्टनं विचारलं.

"आज."

"आज कधी?"

"दीड वाजता."

त्यानं घड्याळ बघितलं. "ब्रेना, चार वाजून गेलेत."

"मी बटण शिवत होते."

कुर्टनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं तो चिडला. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं. गॉर्डी आधी मुलाकडे बघत राहिले, मग तेही हसायला लागले, खुब्याला हात लावून, आई गं आई गं करत. हेडीला कारण कळलं नाही, पण ती सगळ्यात मोठ्यानं हसली.

"पोरीच्या तोंडातनं काढलास ना?" गॉर्डी डोळे पुसत म्हणाले. "मग झालं. गॅस परत विकत मिळतो." आणि त्यांनी वॉशर माझ्या तळहातावरून उचलला, त्यावर बोट फिरवलं, आणि स्वतः न लावता कुर्टपुढे धरला. "घे. हातानं आवळ आधी. मग पाना, अर्धा फेरा. अर्धा म्हणजे अर्धा. सरळ आहे ना पाना? हं."

कुर्टनं व्हॉल्व्ह उघडला. मी हेडीचा शाम्पू आणला. फेस लावला. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. काटा मात्र अगदी खाली होता आणि वॉन्डाचं दुकान शनिवारी बाराला बंद होतं.

"उरलेला गॅस एक पिंप ढकलेल," कुर्ट म्हणाला. "पुरला तर."

अट मी जिंकले होते, ती फुकट सोडणार नव्हते. त्यांना वर जायच्या आधीच सांगितलं की मीटर जिन्याच्या खालच्या पायरीशी भिंतीला लागेल, तळघराच्या दाराला कडी लागेल, आणि सिलेंडर बदलताना मी समोर उभी राहीन.

"श्वास रोखून," कुर्ट म्हणाला.

रविवारी हेडी बाप्तिस्म्याला पाणी पडताच किंचाळली ती घरी येईपर्यंत. पाच बटणांपैकी एकही तुटलं नाही. अंगणात गाडी थांबली तेव्हा गॉर्डी घरात येईनात. डिकी उघडून मागे उभे राहिले. मी जाऊन बघितलं. आत डब्यातल्या बिअरच्या तीन पेट्या होत्या. रात्रभराच्या गारठ्यानं डबे फुटून सगळीकडे पिवळा बर्फ झालेला.

"शुक्रवारपासून ठेवल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, त्याची बिघडली तर असाव्यात. घरात आणल्या असत्या तर त्यानं बघितल्या असत्या. म्हणून गाडीत ठेवल्या." मग डिकी लावून टाकली. "चाळीस वर्षं लोकांना सांगितलं की थंडीत पाणी नळात ठेवू नका. मास्तरला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. एका घरात एका आठवड्याला एवढी कबुली पुरे.

म्हणजे आता कुर्टचंच एक पिंप होतं. पाहुणे तळघरात जमले. कुर्टनं तोटी दाबली. आधी फुस्स झालं, मग फेस आला, मग गव्हाळ, स्वच्छ बिअर. ग्लास काठोकाठ भरला आणि नेमकी तेव्हाच धार बारीक व्हायला लागली. कुर्टनं ग्लास बाबांच्या हातात दिला.

गॉर्डींनी काठी माझ्याकडे दिली. एका दमात ग्लास रिकामा केला, गळ्याची घाटी वरखाली होत. मग ग्लास सगळ्यांसमोर उलटा धरला. आम्ही सगळे खाली फरशीकडे बघत होतो.

काही पडलं नाही.

"गळत नाही," गॉर्डी म्हणाले. त्यांच्या तोंडून कुर्टला याहून मोठी शाबासकी आजवर मिळालेली नाही. मग ग्लास पुढे करून म्हणाले, "अजून आहे का, कुर्ट?"

हेडीनं त्याच क्षणी भोकाड पसरलं आणि केक कापेपर्यंत थांबली नाही. झास्ट्रोंच्या रीतीबद्दल त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

सोमवारी कुर्ट चौथा सिलेंडर घेऊन आला, गाडीत उभा, पट्ट्यानं बांधलेला. सोबत वॉन्डानं बाप्तिस्म्याची भेट पाठवली होती. एक छोटं पाकीट, वर लिहिलेलं 'मास्तरच्या बायकोसाठी'. आत वीस पांढरे वॉशर. वीसच्या वीस मी नळीतून टाकून बघितले. सगळे आरपार गेले.

आता ते बरणीत आहेत, आणि बरणीला झाकण आहे. रोज सकाळी मी मोजते. आज एकोणीस भरले. कुर्ट म्हणतो, एक त्यानं घेतला. मी खाली जाऊन बघून येते.